बरणीवरची रेघ

१२ जानेवारी

ताई,

तू फोन उचलत नाहीस, पण पत्रं परतही पाठवत नाहीस. तेवढ्या फटीतून हे आत सरकवते आहे.

बाबांचं प्रेशर काही केल्या उतरत नाही. गोळी सुरू झाली, मग डॉक्टरीणबाईंनी ती वाढवली, आता पुन्हा वाढवली आहे. आरोग्य केंद्रात मी दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा गुंडाळते, मिठाचं, झोपेचं, चालण्याचं समजावून सांगते आणि त्यांची प्रेशरं हळूहळू उतरताना बघते. घरी आले की बाबा बाही वर करून बसलेले असतात. विचारतात, "काय पदवीधर, आज पास की नापास?" मी आकडा बघते आणि "काठावर" म्हणते. खरं तर काठ केव्हाच मागे पडला आहे.

एप्रिलमध्ये कारखान्याची तपासणी आहे. प्रेशर असंच राहिलं तर बाबांना काचेच्या भट्टीसमोरून उठवतील. फुंकणी तोंडाला लावली की ते केवढे उंच दिसतात, हे तुला मी सांगायला नको. पण माझी खरी भीती नोकरीची नाही. ज्या सकाळी आईचा उजवा हात उचलेना, त्या सकाळपर्यंत तिचं प्रेशर कुणी एकदाही मोजलं नव्हतं. मी हीच नोकरी का धरली, हे घरात कुणी विचारलं नाही. तूही नाही. आता घरात यंत्र आहे, गोळ्या आहेत, शिकलेली मी आहे, आणि तरी आकडा आईच्या वाटेने चालला आहे.

मागच्या महिन्यात आलेल्या कार्डावर तू दोनच ओळी लिहिल्या होत्यास : "गोळ्या कोण देतं, जेवण कोण वाढतं? तिच्या हातांकडे बघ." वाचून मला तुझा राग आला. मग मी बघायला लागले.

गोळ्या मावशी देते. जेवण मावशी वाढते. मी तिला अजून मावशीच म्हणते. शेजारी राहायची, आईला शिवण शिकवायची, तेव्हा आपण दोघी म्हणायचो तसंच. मला आई म्हण, असं तिने कधी सुचवलंही नाही. तू तर बाबांच्या लग्नाच्या दिवशी "हिच्या हातचं मी खाणार नाही" म्हणून गेलीस ती गेलीसच.

आता जे दिसलं ते लिहिते. बाबांचा चहा गाळला की मावशी ओट्याकडे तोंड करून त्यांच्याच कपातला एक घोट घेते, मग कप बाहेर आणते. माझ्या कपाला ती तोंड लावत नाही. परवा मी घरात शिरले तेव्हा दोघं हळू आवाजात काही बोलत होते. मी दिसले आणि मावशी एकदम धुण्याबद्दल बोलायला लागली. वाळत घालायला धुणं नव्हतंच.

आणि तिसरी गोष्ट अशी, की बाबा जेवणाबद्दल तक्रार करत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मीठ तोडायला सांगून कितीतरी दिवस झाले. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवून उठणारे आपले बाबा. आईच्या डोळ्यांत पाणी आणणारे. ते आता मुकाट्याने जेवतात आणि वर "छान झालंय" म्हणतात. अळणी जेवण गोड मानून घेणारा माणूस एका वर्षात तयार होतो, यावर माझा विश्वास नाही. त्यांच्या ताटात मीठ पडत असणार. कोण घालतं, एवढंच बघायचं आहे.

तुझी धाकटी

२ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "मग बघितलंस ना?" एवढंच लिहायला तू तिकीट लावलंस, याचाही मला आनंद झाला, यावरून समज.

डॉक्टरीणबाई म्हणतात, औषध लागू पडत नाही असं म्हणण्याआधी ते रोज पोटात जातं का ते बघायचं, आणि औषधाच्या उलट ओढणारं आणखी काय पोटात जातं ते बघायचं. मी तेच करते आहे. कामावर त्याला पाठपुरावा म्हणतात. घरात केला की त्याला काय म्हणतात, ते मला कळेनासं झालं आहे.

गोळी बाबा माझ्यासमोर गिळतात. जीभ उचलून दाखवा, असं मी एकदा म्हणाले तर त्यांनी खरंच दाखवली आणि विचारलं, "पदवीत हेही शिकवतात का?" गोळ्याच बनावट असतील म्हणून औषधवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाला, खोट्या द्यायला मला काय तुझ्या बापाच्या इस्टेटीत वाटा मिळणार आहे? त्या दिवसापासून तो माझ्याशी सुटे पैसे मोजण्यापुरतंच बोलतो. गुडघ्यासाठी चोरून वेदनाशामक घेत असतील, त्यानेही प्रेशर चढतं, म्हणून सदऱ्याचे खिसे पाहिले. एक बटण निघालं आणि माझा पदवीदान समारंभातला फोटो. घडी पडून पडून माझ्या चेहऱ्याचे चार तुकडे झाले आहेत.

मग यंत्रावर संशय आला. केंद्रातलं यंत्र घरी आणलं, त्यानेही तेच सांगितलं. मोठ्या दंडाचा पट्टा लावला, तेच. यंत्रावर संशय यायला आणखी एक कारण होतं. बाबांच्या पहिल्या पाळीतले बरेच भट्टीवाले केंद्रात येतात आणि त्यांचे आकडे हिवाळ्यापासून चढलेले आहेत. दुसऱ्या पाळीची भट्टी तीच, धग तीच, वयंही साधारण तीच, आणि त्यांचं बरं चाललं आहे. मी मुकादमांना विचारलं. ते हसले. म्हणाले, पहिल्या पाळीला तुझे वडील उस्ताद, ते काम पिळून घेतात, रक्त चढणारच. मीही हसले आणि विषय सोडला.

आता मावशीचं. मिठाच्या बरणीवर मी पेनाने एक बारीक रेघ ओढली, मीठ जिथवर होतं तिथे. मागच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशी. मीठ रेघेपासून जेमतेम हललं आहे. तुला वाटेल मला हायसं वाटलं. मला वाटलं, तिच्याकडे दुसरं मीठ आहे. ती दळण आणायला गेली तेव्हा मी फडताळ उपसलं. पिठाच्या डब्यात हात घातला. आईच्या जुन्या शिवणाच्या डब्यातसुद्धा बघितलं. तो तिने जसाच्या तसा ठेवला आहे, सुया गंजू नयेत म्हणून तेलाचं फडकं टाकून. मी झाकण लावलं.

काल बाबा हात धूत होते तेव्हा त्यांच्या ताटातला एक घास मी तोंडात टाकला. ताई, आमच्या ताटांत नसतो तसा त्यातही मिठाचा कण नव्हता. भिजवलेला कागद खावा तसं लागलं. आणि बाबांनी ती भाजी दोनदा मागून घेतली.

म्हणजे घरात मीठ नाही, गोळी पोटात जाते, आणि प्रेशर चढतंच आहे. एक तर मावशीला मी बघते आहे हे कळलं आहे आणि ती माझ्यापुढे दोन पावलं चालते आहे. नाही तर काय, ते मला सुचत नाही. तू हुशार आहेस. तुला काही सुचलं तर कळव.

तुझी धाकटी

२३ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र बसून वाच.

रविवारी बाबा केस कापायला गेले होते. मावशीने मिठाची बरणी आणून माझ्यासमोर ठेवली, मागची बाजू पुढे फिरवून, रेघ माझ्याकडे करून.

"ही तुझीच ना? घरात पेन घेऊन हिंडणारी तू एकटी."

मी नाही म्हणू शकले नाही. मग उलट तिच्यावरच चालून गेले. बाबांच्या चहाचा घोट का घेतेस, मी आले की गप्प का होता, असं सगळं भडाभडा बोलून टाकलं. तू काय लिहिलं होतंस तेही बोलले. ते बोलायला नको होतं.

मावशी स्टुलावर बसली. चिडली नाही. पदराने बरणीच्या झाकणावरची धूळ पुसत राहिली, तिथे धूळ नव्हती. मग म्हणाली, "त्यांना चव लागत नाही."

"कशाची?"

"कशाचीच. गोड नाही, खारट नाही. थंडी पडायला लागली तेव्हा एकदा दूध फाटलं होतं. मी कप टाकून द्यायला बाहेर आले तर ह्यांनी तो चहा संपवला होता, आणि वर म्हणाले, झकास. तेव्हापासून मी आधी घोट घेऊन बघते. काय पोटात जाईल त्यांच्या, नेम नाही."

त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं की पोरीला सांगायचं नाही. म्हातारपण आलं म्हणून लाजत असतील, असं तिला वाटलं. आणि खरं सांगू, म्हणाली, मला बरंच वाटलं. अळणी वाढलं तरी वाद नाही. तुझंच काम सोपं झालं, म्हटलं.

मला हसायला येणार होतं. मग पिंप आठवलं.

तू विसरली नसशील. भट्टीसमोर घाम इतका जातो की भट्टीवाल्यांना दिवसभर मीठ घातलेलं पाणी प्यावं लागतं. पाळी सुरू होताना पाळीतला सगळ्यात जुना माणूस ते पिंप भरतो. मापाने नाही, मुठीने. मीठ टाकायचं, ढवळायचं, चाखायचं, पुन्हा टाकायचं, आणि जमलं की "बरोबर" म्हणायचं. तो म्हणेपर्यंत कुणी पेला बुडवत नाही, आणि त्याने म्हटल्यावर कुणी त्यात थेंबभर पाणीही वाढवत नाही. हा मान एकदा मिळाला की माणूस भट्टी सोडेपर्यंत त्याचाच. बाबांना तो मिळाला त्या संध्याकाळी आईने त्यांना दारातच "या उस्ताद" म्हटलं होतं आणि ते कितीतरी वेळ चपला काढायचं विसरून उभे होते.

जिभेला खारट लागेपर्यंत मीठ टाकणारा माणूस, ताई, आणि जिभेला काहीच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांचा चष्मा पोचवायच्या निमित्ताने मी कारखान्यात गेले. निमित्त मीच तयार केलं होतं, चष्मा सकाळी मीच पिशवीतून काढून घेतला होता. बाबा भट्टीच्या तोंडाशी होते, पाठमोरे. मी पिंपाचं झाकण उचललं आणि पेला बुडवला. एक घोट घेतला तो गिळवेना. डोळ्यांत पाणी आलं.

बाजूला लंबूकाका उभे होते. बाबांच्या खालोखाल जुने तेच. त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला, माझ्यादेखत संपवला आणि मिशा पुसल्या. गार आहे ना, म्हणाले.

"काका, हे खारट आहे."

ते बाबांच्या पाठीकडे बघत राहिले. "आम्हाला जिभा नाहीत होय? पण पाणी चुकलं म्हणायचं म्हणजे उस्तादांना ऊठ म्हणायचं. तू म्हणशील? मी तर नाही म्हणणार."

पाळीतले तरुण ते पाणी राखेत ओततात आणि नळावर जातात. जुने पितात. केंद्रात येऊन माझ्यासमोर बाही वर करतात ते हेच. मी त्यांना मीठ कमी करा म्हणून सांगत होते, तेव्हा ते माना डोलवत होते आणि एकमेकांकडे बघत होते. मला वाटायचं, माझी चेष्टा करतात.

इतके दिवस मी चुकीच्या हातांकडे बघत होते, ताई. तूही.

तुझी धाकटी

१६ मार्च

ताई,

तुझं काही आलं नाही. तरी लिहिते.

मी आधी डॉक्टरीणबाईंकडे गेले. चव गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी गोळीचं पाकीट मागितलं आणि उलटं करून बघितलं. मग म्हणाल्या, या गोळीने क्वचित कुणाची चव जाते. थांबवली की बहुतेक परत येते, पण वेळ लागतो. आणि ती आपण वाढवत होतो, असंही त्याच म्हणाल्या. "आपण" म्हणाल्या, "मी" म्हणू शकल्या असत्या. वाढवा म्हणून मागे लागणारी मीच होते.

प्रेशर चढलं म्हणून गोळी, गोळीने जीभ गेली, जीभ गेली म्हणून मीठ, मिठाने पुन्हा प्रेशर, म्हणून आणखी गोळी. या चक्रात मी संशय घेतला कुणाचा, तर जिने घरातलं मीठ थांबवलं होतं तिचा. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून दिली आणि बजावलं, सगळा दोष मिठावर टाकून मोकळी होऊ नकोस, वय आहे, धग आहे, काळजी आहे. मी मान हलवली.

बाबांना कोण सांगणार, यावर मावशी म्हणाली, वचन मी दिलं होतं तर मोडीनही मीच. जेवताना तिने सरळ सांगून टाकलं, मी पोरीला बोलले. बाबांनी हातातला घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे नापास."

मग मी पिंपाचं सांगितलं. केंद्रात बायकांच्या घोळक्यासमोर मी न अडखळता बोलते. त्या दिवशी प्रत्येक वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. मला वाटलं होतं ते ओरडतील, ताट सरकवतील. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"लंबूचं किती आहे?"

एकाचा आकडा दुसऱ्याला सांगायचा नाही, हा आमचा नियम आहे आणि मी तो कधी मोडलेला नाही. तेव्हाही मोडला नाही. पण मी ताटाकडे बघितलं, आणि तेवढ्यावरून त्यांना कळलं. ते उठले, हात धुतले, आणि हात धुऊन झाल्यावरही मोरीशीच उभे राहिले. मावशी टॉवेल घेऊन मागे उभी. मी त्या दोघांच्या पाठी बघत होते आणि मला वाटत होतं, या घरात सगळ्यात परकी मीच आहे.

पुढचं मी पाहिलेलं नाही, लंबूकाकांनी केंद्रात सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना बाबांनी भरलेलं पिंप सगळ्यांसमोर आडवं करून ओतून दिलं. स्वतः घासलं. मग मिठाची पिशवी लंबूकाकांच्या हातात दिली. नव्या माणसाने पहिला पेला जुन्याला द्यायचा, अशी रीत आहे. डॉक्टरीणबाईंनी केंद्रात सांगितलं होतं तेवढंच, थोडंसंच मीठ लंबूकाकांनी घातलं, ढवळलं आणि पेला बाबांना दिला. भट्टीवरचे सगळे फुंकण्या खाली ठेवून उभे होते. बाबांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"बरोबर आहे," म्हणाले.

त्यांना चव लागत नाही हे त्या खारट पाण्यावरून सगळ्यांना कळून चुकलं होतं, ताई. आणि सगळ्यांना माहीत आहे, हे बाबांनाही माहीत होतं. तरी ते म्हणेपर्यंत एकानेही पेला बुडवला नाही.

हे सांगताना लंबूकाकांनी बाही वर केली होती. मी पट्टा गुंडाळत होते. मला दोनदा मोजावं लागलं.

तुझी धाकटी

२७ एप्रिल

ताई,

तपासणी झाली. आकडा उतरला आहे, पण पुरता नाही. कारखान्याच्या डॉक्टरांनी बाबांना तीन महिने भट्टीपासून लांब ठेवलं आहे, मग पुन्हा बघणार. आता ते तयार बाटल्या उजेडासमोर धरून बुडबुडे शोधतात. मी विचारलं, जमतं का? म्हणाले, हे तुझंच काम आहे, दिवसभर खोट काढत बसायचं. लागलं थोडं. पण ते हसत म्हणाले होते.

तुला लिहायचं होतं ते कालचं आहे. संध्याकाळी जेवायला बसलो. बाबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग बोटांनी ताट जरासं पुढे सरकवलं.

"यात मीठ कुठे आहे?"

मावशी भाजीचं भांडं हातात घेऊन दारात उभी होती. ती आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. धुवायला काही नव्हतं.

आता हसू नकोस. माझ्या मनात पहिल्यांदा संशयच आला. आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील. चव न लागता "बरोबर" म्हणायचा सराव आहेच त्यांना. खात्री करणं सोपं होतं. दोन पेले, एकात साधं पाणी, एकात मिठाचं, डोळे मिटून ओळखायला लावायचं. मी उठलेसुद्धा. दोन पेले हातात घेतले. मावशी ओट्याशी होती. तिने पेल्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डोळे पुसून बरणी माझ्याकडे सरकवली. घे, बघ, असं.

मी एक पेला जागेवर ठेवला. दुसऱ्यात पाणी घेतलं आणि प्यायले.

मग बाहेर येऊन बसले आणि बाबांना म्हटलं, एवढंच मिळेल, तक्रार असेल तर डॉक्टरीणबाईंकडे करा. ते कुरकुरत जेवले. पूर्ण जेवणभर कुरकुरले. इतकं छान जेवण या घरात कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

बरणीवरची रेघ अजून आहे. मी पुसायला घेतली होती. मावशी म्हणाली, राहू दे, पदवीधरांची सही आहे.

तू म्हणाली होतीस, हिच्या हातचं खाणार नाही. तू का म्हणालीस ते मला कळत होतं, आणि तुझ्या दोन ओळींवर मी दोन महिने चालले, तेव्हा तुला नावं ठेवायचा हक्क मला नाही. पण ये. भाजी अगदी अळणी असते, आधीच सांगून ठेवते. बाबा एकटेच नाक मुरडत असतात. त्यांना जोडीला कुणीतरी हवं आहे.

तुझी धाकटी